गोळ्यांनी गेलेली इच्छा परत आणणारा 18,578 रुपयांचा ‘कोर्स’

डोक्याच्या गोळ्यांनी मंदावलेली लैंगिक इच्छा परत आणतो म्हणून व्हॉट्सअॅपवर विकलेल्या आयुर्वेदिक कॅप्सूलच्या ‘कोर्स’मध्ये एकूण गेले 18,578 रुपये. 299 कन्सल्टेशनचे, 4,980 पहिल्या कोर्सचे, 11,400 ‘स्ट्रॉंग’ कोर्सचे आणि 1,899 रिफंड मिळण्याआधी भरायच्या ‘जीएसटी’चे. शेवटच्या आकड्यावर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. रिफंडसाठी पैसे भरायचे नसतात हे मलाही कळतं. पण विकणाऱ्याकडे आपण भरलेली प्रश्नावली असते. इच्छा कधीपासून नाही, डोक्याच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, नवऱ्याला माहीत आहे का, सगळं त्यात असतं. तो गोड आवाजात विचारतो, ‘कागदपत्रं घरच्या पत्त्यावर पाठवू का मॅडम?’ तेव्हा 1,899 स्वस्त वाटतात.

जाहिरात, व्हॉट्सअॅप, ‘वैद्य मॅडम’, नाव नसलेलं साधं पाकीट, ही तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे. या धंद्यातली खरी मेख वेगळी आहे.

त्रास खरा असतो, म्हणून तर गिऱ्हाईक मिळतं. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन या डिप्रेशन-चिंतेवरच्या गोळ्यांनी बऱ्याच बायकांची इच्छा मंदावते, ओलावा कमी होतो, ऑरगॅझम लांबतो किंवा येतच नाही. रिस्पेरिडोन आणि अमिसुलप्राइड या सायकोसिसच्या (भास-संशयाच्या आजाराच्या) गोळ्यांनी प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढतं, पाळी चुकते, छातीतून दूध येऊ शकतं. ओपीडीत झोप विचारतात, भूक विचारतात, हे विचारत नाहीत. पहिल्याच चिठ्ठीच्या वेळी कुणी दोन वाक्यं बोललं असतं, तर बाई मोबाईलमध्ये उत्तर शोधायला गेलीच नसती.

आता ती मेख. कोर्सबरोबर सूचना येते: ‘इंग्लिश गोळ्या आणि आमचं औषध एकत्र चालत नाही, आठवडाभरात गोळ्या बंद करा.’ सगळी कमाई या एका वाक्यावर आहे. सर्ट्रालीन किंवा एस्सिटॅलोप्रॅम थांबवलं, की बहुतेकींची इच्छा थोड्याच दिवसांत परतू लागते. गोळी गेली की तिचा दुष्परिणामही ओसरतो, कॅप्सूलमध्ये नुसता भुसा भरला असता तरी हेच झालं असतं. (याच जातीची फ्लुओक्सेटीन ही गोळी शरीरात काही आठवडे रेंगाळते, त्या बायकांना ‘तुमची प्रकृती जड आहे’ म्हणून दुसरा डबा.) श्रेय मात्र कॅप्सूलमधल्या शतावरीला. चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, चिडचिड होते, झोप उडते, ही गोळी एकदम तोडल्याची लक्षणं. विकणाऱ्यांच्या भाषेत ‘विष बाहेर पडतंय’. मूळ आजार उलटायला आठवडे-महिने लागतात, तोवर ‘45 दिवसांत गुण नाही तर पैसे परत’ची मुदत संपलेली असते. आजार परतला की 11,400 चा कोर्स तयार.

आणि ती डबी. त्या डबीचा मला आजही संताप येतो, कारण सगळं तिच्यावरच छापलेलं होतं. समोर कमळ, बाई, ‘आयुर्वेदिक फॉर्म्युला’. मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, 14 आकडी एफएसएसएआय (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) नंबर आणि ‘औषधी वापरासाठी नाही’. म्हणजे कायद्याच्या लेखी तो खाद्यपदार्थ! आयुर्वेदिक औषधावर औषध बनवण्याच्या परवान्याचा नंबर लागतो. तो नव्हता. ज्या ‘वैद्य मॅडम’ फोनवर डोस ठरवत होत्या, त्या लाडू कधी खायचा हे सांगितल्यासारखं सांगत होत्या. बघायला हवं होतं, मान्य. पण रडकुंडीला आलेली बाई डबीची मागची बाजू भिंग लावून वाचत नाही, आणि हे छापणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

हिशेबही तिथेच होता. 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये अकरा वनस्पती, त्यात केशर 2 मिलिग्रॅम. दिवसाला दोन, म्हणजे 4. फ्लुओक्सेटीन घेणाऱ्या बायकांवर इराणमध्ये झालेली एक छोटी चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज 30 मिलिग्रॅम केशर चार आठवडे दिलं होतं. उत्तेजना, ओलावा आणि वेदना यांत फरक पडला. इच्छेत पडला नाही. याच त्रासावर जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काचं 1998 साली फार कौतुक झालं, पुढे खोट्या गोळीशी तुलना केल्यावर ते टिकलं नाही. पेरू देशातल्या माका नावाच्या कंदावर 2015 ची चाचणी आहे, तिच्यात रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांना थोडा गुण दिसला. या चाचण्यांत बायकांनी आपल्या गोळ्या चालूच ठेवल्या होत्या. गोळ्या सोडायला सांगणारा माणूस उपचार करत नसतो.

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ म्हणणाऱ्यांसाठी: खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं. सायकोसिसच्या गोळ्या चालू असताना ते उलट दिशेला ओढतं आणि भास-संशय वाढू शकतात. ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. एस्सिटॅलोप्रॅमवर असताना उतरलेलं पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांना बरं नाही. बायपोलरसाठी (मूडच्या टोकाच्या चढउतारांसाठी) लिथियम चालू असेल तर गोखरूसारखी लघवी वाढवणारी वनस्पती विचारल्याशिवाय घेऊच नका, रक्तातलं लिथियम चढू शकतं. जिंको आणि सर्ट्रालीनसारख्या गोळ्या मिळून रक्तस्राव वाढू शकतो. उदासीवर विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर या गोळ्यांबरोबर अजिबात नको, गर्भनिरोधक गोळीही तिने निकामी होऊ शकते. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी लिव्हरची तपासणी.

गोळ्या सोडल्याच असतील तर मनाने जुन्या डोसवर परतू नका. लॅमोट्रिजिन या फिट्स आणि बायपोलरवरच्या गोळीत पाच-सहा दिवसांचाही खंड पडला, तर पुन्हा अगदी लहान डोसपासून चढावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतो. डॉक्टरांपुढे लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या: ‘गोळी सुरू झाल्यापासून इच्छा नाही, ओलावा नाही, ऑरगॅझम नाही.’ डोस कमी करणं, मिर्टाझापिन या दुसऱ्या गोळीवर जाणं, ब्युप्रोपियन ही गोळी जोडणं (फिट्स किंवा बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन उलटी काढण्याचा आजार, असेल तर हे नाही), प्रोलॅक्टिन तपासणं, हे सगळं त्यांच्या हातात आहे. पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं, चिठ्ठी लागत नाही. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.

आता सरकारी दारं. अन्नवाले म्हणाले, दावा औषधाचा आहे, औषधवाल्यांकडे जा. औषधवाले म्हणाले, लेबल अन्नाचं आहे, अन्नवाल्यांकडे जा. कारखाना एका राज्यात, विकणारी कंपनी दुसऱ्या राज्यात, म्हणजे दोघेही मोकळे. पोलीस ठाण्यात, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ आणि वर, ‘कशासाठीचं औषध होतं म्हणालात?’ चार माणसांसमोर, मोठ्याने. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याच्या औषधांची जाहिरात 1954 च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने, कलम 3 खाली, गुन्हा आहे. सत्तर वर्षं! आणि ती जाहिरात दर तिसऱ्या रीलनंतर येते, सरकारला तेवढी दिसत नाही.

म्हणून तोंडी सांगत बसू नका, लेखी अर्ज द्या. ‘औषध म्हणून अन्नपदार्थ विकून फसवणूक, भारतीय न्याय संहिता कलम 318, आणि 1954 च्या कायद्याचं कलम 3’ एवढं लिहिलं की पुरे, अंथरुणातला तपशील कोणालाही द्यायचा नाही. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैसे जाताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. डबी, खोका, बिल आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक ठेवा; उरलेल्या कॅप्सूल फेकू नका, तपासणीला त्याच लागतील. व्हॉट्सअॅप चॅट आधी एक्स्पोर्ट करा, नंबर नंतर ब्लॉक करा. ‘ग्राहक मंचातून बोलतोय, तुमचे पैसे अडकलेत’ असा फोन नंतर येतोच, कारण फसलेल्यांची यादीही विकली जाते. त्यांचा दर 999 पासून सुरू होतो.