सदर्कच्या खाटकाचे मृत्युपत्र: ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सेवेचा परिचय

वकिलांच्या कचेरीत मृत्युपत्रांचे मसुदे करण्यात माझी बावीस वर्षे गेली. पक्षकार समोर बसतो, घर कोणाला, दुकान कोणाला, मुलगी परदेशात आहे तिचे काय, हे सांगता सांगता त्याचा आवाज जड होतो, आणि आम्ही ते सारे कलमवार कागदावर उतरवतो. या कामामुळे 'प्रोबेट' (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयात सिद्ध करून घेणे) हा शब्द रोज तोंडी असतो. पण तो ज्या इंग्लंडातून मुंबईच्या न्यायालयात आला, तिथला साधा दुकानदार, कारागीर किंवा खाटीक आपल्या बायकामुलांची तरतूद कशी करत असे, हे मूळ दस्तातून पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते. लंडनजवळ क्यू येथे असलेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सेवा वापरून ती इच्छा गेल्या वर्षी पूर्ण झाली. तिचा हा सविस्तर परिचय.

आधी ही सेवा काय देते ते सांगते. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या प्रिरोगेटिव्ह न्यायालयात १३८४पासून १८५८च्या जानेवारीपर्यंत जी मृत्युपत्रे सिद्ध झाली, त्यांच्या नोंदवह्या अभिलेखागाराकडे आहेत. त्यांतील दहा लाखांहून अधिक मृत्युपत्रांच्या प्रतिमा तिथल्या सूचीत शोधता येतात आणि आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात. त्या काळी प्रोबेट हे सरकारी न्यायालयाचे काम नव्हते, चर्चच्या न्यायालयांचे होते; दिवाणी प्रोबेट न्यायालय १८५८ साली सुरू झाले. ज्याची मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत पसरलेली असे, त्याचे मृत्युपत्र या वरच्या न्यायालयात जाई. पुढे पुढे तर दक्षिण इंग्लंडातील बरा पैसा बाळगून असलेला माणूस सरळ इथेच येऊ लागला. गरीब कारागिरांची मृत्युपत्रे खालच्या स्थानिक न्यायालयांत सिद्ध झाली आणि ती आज परगण्यांच्या अभिलेखागारांत आहेत. त्यामुळे या संग्रहात भेटणारा व्यापारी हा हातावर पोट असलेला नसून चार पैसे मागे टाकलेला आहे, एवढे भान वाचताना ठेवावे.

शोधण्याची पद्धत सोपी आहे. प्रत्येक नोंदीत मृताचे नाव, व्यवसाय आणि गाव एका ओळीत दिलेले असते, म्हणून कोणाचेही नाव माहीत नसताना केवळ 'खाटीक' आणि 'सदर्क' असे दोन शब्द घालूनही शोध घेता येतो. आपल्या धंद्याच्या माणसांत रस असलेल्या वाचकाला ही सोय मोलाची आहे. दोन गोष्टी मात्र आधीच समजून घ्याव्यात. सूचीतील तारीख ही मृत्युपत्र सिद्ध झाल्याची असते, लिहिल्याची किंवा मृत्यूची नसते. आणि सूचीत केवळ मृत्युपत्र करणाऱ्याचे नाव असते. वारसांची, साक्षीदारांची नावे आतल्या मजकुरात असतात, ती वाचूनच काढावी लागतात. पूर्वी एका मृत्युपत्रामागे साडेतीन पौंडांच्या आसपास शुल्क पडे. २०२०च्या एप्रिलपासून नाव नोंदवलेल्या वापरकर्त्यांना या प्रती विनामूल्य मिळू लागल्या, आणि मीही त्या तशाच घेतल्या.

मी निवडलेला माणूस रॉबर्ट हार्वर्ड. लंडन ब्रिज ओलांडून थेम्सच्या दक्षिणेला गेले की सदर्क लागते. तिथल्या सेंट सेव्हियर्स पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत), म्हणजे आज ज्या चर्चला सदर्क कॅथीड्रल म्हणतात त्याच्या परिसरात, हा खाटकाचा धंदा करत असे. त्याची बायको कॅथरिन ही स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या रॉजर्स घराण्यातली. १६२५च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले आणि त्या एका वर्षात तिथे ३५,०००हून अधिक माणसे प्लेगने गेली. रॉबर्ट त्यांत गेला, त्याची बरीचशी मुले गेली. मागे राहिली ती कॅथरिन, मुलगा जॉन आणि मुलगा थॉमस. रॉबर्टचे मृत्युपत्र त्याच वर्षातले आहे. रोग दारात आलेला असताना सांगितलेला हा मजकूर आहे, हे लक्षात घेऊन तो वाचला की शब्दाशब्दाला वजन येते.

उतरवलेली प्रत उघडली की समोर येते ते चर्मपत्राच्या मोठ्या नोंदवहीचे पूर्ण पान. आपले मृत्युपत्र पानाच्या मध्येच कुठेतरी सुरू होते, वर कोणा अनोळखी माणसाचे संपत आलेले असते. डाव्या समासात मृताचे नाव लॅटिन वळणाने लिहिलेले असते. मजकुरात परिच्छेद नाहीत, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. नवे दान सुरू झाले की 'आयटम' हा शब्द ठसठशीत अक्षरांत येतो, त्याचा अर्थ 'तसेच'. आमच्या मसुद्यांत कलमाचा आकडा जे काम करतो तेच काम हा शब्द करतो, आणि एकदा तो ओळखू आला की शाईच्या त्या दाट विणीत कलमे सुटी दिसू लागतात. शेवटी सिद्धतेचा शेरा लॅटिनमध्ये असतो. सतराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडात राजा नव्हता, त्या प्रजासत्ताकाच्या काळातली काही वर्षे सोडली तर १७३३पर्यंत हीच रीत होती.

अक्षर वाचणे हे या सेवेतले सर्वांत कष्टाचे काम आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगते. त्या काळच्या कारकुनी वळणाला 'सेक्रेटरी हँड' म्हणतात. त्यात 'ई' उलटा लिहिल्यासारखा दिसतो, 'सी' आजच्या 'आर'सारखा दिसतो, 'एच'ची शेपटी ओळीखाली लोंबते. ज्यांनी मोडी लिपी शिकली आहे त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल: अक्षर वेगळे ओळखता येते, पण शब्दात गेले की ते शेजाऱ्यात मिसळते. पेशवे दफ्तरातले कागद वाचताना जशी नेहमीच्या मायन्यांची आधी सवय करून घ्यावी लागते, तशीच इथे 'देवाच्या नावाने, आमेन' या ठरलेल्या सुरुवातीवरून कारकुनाचे वळण पकडता येते. अभिलेखागाराने १५०० ते १८०० या काळातल्या हस्ताक्षरांचा एक विनामूल्य पाठ दिला आहे. तो आधी पुरा करावा, असा माझा आग्रह आहे. मी रोज रात्री अर्धा तास दिला, आणि तिसऱ्या आठवड्यात ओळी सलग वाचता येऊ लागल्या.

या कष्टांना कंटाळून मी मध्यंतरी एक आडवाट धरली होती. एका खासगी संकेतस्थळाला पैसे देऊन दुसऱ्या एका मृत्युपत्राचा, मेणबत्त्या करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्राचा, टंकलिखित मजकूर मागवला. त्यात घर विधवेला तहहयात दिल्याचे लिहून आले. पुढे मी स्वतः प्रतिमा वाचली तेव्हा दिसले की त्या ओळीत आणखी तीन-चार शब्द होते, ती विधवा म्हणून राहील तोपर्यंत अशा अर्थाचे, आणि ते लिहिणाऱ्याने गाळले होते. आमच्या धंद्यात एवढ्या चुकीवर कुटुंबे कोर्टाची पायरी चढतात. पुनर्विवाह केला तर ते घर मुलांकडे जाणार होते. बापाला मुलांचे छप्पर सावत्र बापाच्या हाती जाऊ द्यायचे नव्हते, हा त्या कलमाचा सारा जीव होता. तक्रारीला उत्तर तीन आठवड्यांनी आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर मी मूळ प्रतिमेखेरीज कशावरही विसंबलेले नाही, आणि अभिलेखागार मजकुराऐवजी प्रतिमा देते हेच मला त्या सेवेचे बलस्थान वाटते.

आता रॉबर्टच्या तरतुदीकडे येते. जॉनला त्याने २०० पौंड ठेवले, पण वयाची २१ वर्षे पुरी झाल्यावर. जॉनचा बाप्तिस्मा १६०७च्या २९ नोव्हेंबरचा, म्हणजे बाप गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. २०० पौंड म्हणजे ४,००० शिलिंग. दक्षिण इंग्लंडातल्या कुशल गवंड्याला तेव्हा दिवसाला सुमारे एक शिलिंग मिळे, त्या हिशेबाने ही तेरा-चौदा वर्षांच्या मजुरीएवढी रक्कम होते. खाटकाने एका मुलासाठी एवढे ठेवले यावरून त्याचा जम किती बसला होता ते कळते. मृत्युपत्र सिद्ध करून घेणारी, म्हणजे एक्झिक्युटर, त्याची बायको कॅथरिन होती. मला या दस्तातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात नवरा हयात असलेल्या बाईला त्याच्या संमतीशिवाय स्वतःचे मृत्युपत्रही करता येत नसे, तिची जंगम मिळकत नवऱ्याची होई. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा यायला १८८२ साल उजाडावे लागले. त्याच बाईच्या हाती विधवा होताच घराची, धंद्याच्या येण्या-देण्याची आणि मुलांच्या वाट्याची सारी सूत्रे येत. आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क. आई' (अज्ञानाची पालनकर्ती आई) असा शेरा दिसतो, त्याची मला हे वाचताना पदोपदी आठवण झाली. रॉबर्टने भाऊबंद किंवा शेजारी यांपैकी कोणाला न नेमता तिला नेमले, याचा अर्थ तिच्या व्यवहारावर त्याचा भरवसा होता, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

अशी मृत्युपत्रे दहा-बारा वाचली की काही गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. बायको गर्भार असेल तर पोटातल्या मुलाचाही वाटा लिहिलेला असतो. एखादे मूल सज्ञान होण्याआधी गेले तर त्याचा वाटा उरलेल्या भावंडांत कसा वाटायचा, हे असते. त्या काळच्या बालमृत्यूंकडे पाहता ते कलम कोरडी सावधगिरी नव्हती. आणि एखाद्या मुलाचे नाव अजिबात नसेल, तर त्याला बापाने तोडले असे लगेच समजू नये. थोरल्याला दुकान आधीच लावून दिलेले असे, मुलीला लग्नात दिलेले असे. लंडनच्या नागरिक-व्यापाऱ्यांना तर जुन्या रूढीप्रमाणे जंगम मिळकतीचा एक तृतीयांश बायकोला, एक तृतीयांश मुलांना द्यावाच लागे, आणि उरलेल्या तिसऱ्या भागाचीच त्यांना मनाजोगी व्यवस्था करता येई. हे बंधन १७२५ साली सुटले. म्हणून मृत्युपत्रात दिसते तेवढीच त्या माणसाची तरतूद, असे धरून चालू नये.

तारखांच्या बाबतीत एक सूचना. १७५२पूर्वी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. दस्तात १६२४चा फेब्रुवारी लिहिला असेल तर तो आपल्या हिशेबी १६२५चा असतो. मी पहिल्या आठवड्यात एका माणसाचे मृत्युपत्र त्याच्या लिहिण्याआधीच सिद्ध झाले असे टिपून ठेवले होते, ते यामुळे.

रॉबर्टनंतर कॅथरिनचे मृत्युपत्र जरूर घ्यावे, कारण बापाच्या तरतुदीचे पुढे काय झाले ते तिथे कळते. तिने पुढे जॉन एलेटसन या पिंपे करणाऱ्या कारागिराशी लग्न केले. तो काही महिन्यांतच गेला. मग सदर्कचा किराणा व्यापारी आणि पार्लमेंटचा सदस्य रिचर्ड यिअरवुड याच्याशी तिने लग्न केले. याच काळात, १६२७च्या डिसेंबरात, जॉन केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाला. बापाने घातलेली २१ वर्षांची अट पुरी व्हायला तेव्हा अजून जवळजवळ वर्ष बाकी होते. १६३२ साली यिअरवुड वारला. तीन नवऱ्यांच्या मागे उरलेली ही बाई आता विधवा होती, म्हणून तिला स्वतःचे मृत्युपत्र करता आले, आणि १६३५ साली ती गेली तेव्हा सदर्कमधली 'क्वीन्स हेड' ही खानावळ तिने जॉनला दिली. १६३७ साली थॉमसही गेला. त्याच वर्षी जॉन बायकोला घेऊन मॅसॅच्युसेट्सला गेला आणि पुढच्या सप्टेंबरात चार्ल्सटाउनला क्षयाने वारला. त्याने तोंडी सांगितलेल्या व्यवस्थेप्रमाणे त्याची निम्मी मिळकत, ७७९ पौंड १७ शिलिंग २ पेनी, आणि सुमारे ४०० पुस्तके तिथल्या नव्या कॉलेजला गेली. त्या कॉलेजला १६३९ साली त्याचे नाव देण्यात आले; तेच आजचे हार्वर्ड विद्यापीठ. या घराण्याची मृत्युपत्रे हेन्री वॉटर्स या अमेरिकन संशोधकाने १८८०च्या दशकात लंडनमध्ये शोधून काढली, तोवर जॉन कोणाचा कोण हे कोणाला ठाऊक नव्हते. वॉटर्सला त्यासाठी लंडनला जावे लागले. मला पुण्यात बसून एक संध्याकाळ पुरली.

एक मर्यादा सांगायलाच हवी. नोंदवहीतली ही प्रत कारकुनाने उतरवून घेतलेली आहे, त्यामुळे शेवटी दिसणारी सही मृताच्या हातची नसते. मूळ कागद वेगळ्या मालिकेत ठेवलेले आहेत आणि त्यांतले बहुतेक पाहायला क्यूलाच जावे लागते. ज्याला हस्ताक्षर किंवा अंगठ्याऐवजी काढलेली खूण पाहायची आहे, त्याने या सेवेकडून ती अपेक्षा ठेवू नये. तरतूद काय केली, कोणाच्या हाती सोपवली आणि कोणत्या अटीवर, हे पाहायचे असेल त्याला ती पूर्ण पुरते.

वकिली करणाऱ्यांना, मोडी वाचणाऱ्यांना आणि इंग्लंडात राहून आपल्या घराच्या आधीच्या मालकांचा माग काढणाऱ्या मराठी मंडळींना मी ही सेवा मनापासून सुचवते. सुरुवात अठराव्या शतकातल्या एखाद्या मृत्युपत्राने करावी, त्या काळचे अक्षर बरेच सुटे आणि वाचायला सोपे असते. सवय झाली की मग मागे, १६२५कडे जावे.