टेन कमांडमेंट्स, बेन-हर की क्लिओपात्रा: सुट्टीच्या दुपारी पुन्हा कोणता भव्यपट लावावा?

हातात एकच मोकळी दुपार आहे आणि गर्जना, अश्रू, सोन्याचे मुकुट, हजारोंची गर्दी असलं सगळं असलेला एखादा जुना चित्रपट लाज न बाळगता पुन्हा बघायचा आहे, तर ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९५६) लावा. या तिघांत चित्रपट म्हणून सरस ‘बेन-हर’ (१९५९) आहे आणि नुसतं डोळ्यांचं पारणं फेडायचं असेल तर ‘क्लिओपात्रा’ (१९६३). पण अतिरेकाचा जो आनंद आपण जरा चोरूनच घेतो, तो ‘टेन कमांडमेंट्स’चा दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल याच्याइतका भरभरून दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

याचं कारण म्हणजे सूर. ‘टेन कमांडमेंट्स’मध्ये सगळेच एका पट्टीत बोलतात आणि ती पट्टी वरची आहे. अ‍ॅन बॅक्स्टरची नेफ्रेतिरी पडदा बाजूला सारते तेही एखादं साम्राज्य बुडणार असल्यासारखं. यूल ब्रिनरचा रामेसिस कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला तरी दृश्य त्याचं होतं. चार्लटन हेस्टनचा मोझेस तर राजपुत्रापासून दाढीधारी प्रेषितापर्यंत कुठेही साधं वाक्य साधं म्हणत नाही. संगीत नाटकात पदासाठी कथा थांबते म्हणून कोणी कुरकुर करत नाही, तसंच इथे संवादांचं आहे. पल्लेदार वाक्यफेक हीच इथली मेजवानी. एकाही नटाने वास्तववादी अभिनय केला असता तर डोलारा कोसळला असता. तसं कोणी केलेलं नाही. व्हिन्सेंट प्राइस आणि एडवर्ड जी. रॉबिन्सन यांचे खलनायक तर या पट्टीत पुरेपूर रमले आहेत.

मोझेस गुलाम ज्यूंना इजिप्तमधून सोडवून नेतो ही कथा डिमिलने १९२३मध्ये मूकपटात केली होती. १९५६चा चित्रपट त्याचं शेवटचं दिग्दर्शन. सुरुवातीला तो स्वतः पडद्यामागून येऊन प्रस्तावना करतो आणि पुढे निवेदनही त्याच्याच आवाजात आहे. ही प्रस्तावना पळवू नका, पुढे काय थाटाचं चाललंय ते तिथेच कळतं.

तांबड्या समुद्राचं दुभंगणं आजही अंगावर येतं. जॉन फुल्टन यांच्या चमूने इंग्रजी ‘यू’ आकाराच्या टाकीत दोन्ही बाजूंनी पाणी सोडलं आणि ते चित्रण उलटं फिरवलं. त्यामुळे कोसळणारं पाणी वर चढून भिंती उभारतंय असं दिसतं. या चित्रपटाला सात नामांकनांतून मिळालेलं एकमेव ऑस्कर विशेष दृश्यपरिणामांचंच आहे. खटकतं ते वेगळं: जोडचित्रणात माणसांच्या कडांना अधूनमधून निळसर रेघ दिसते. नट निळ्या पडद्यापुढे चित्रित करून पार्श्वभूमीवर प्रकाशीय पद्धतीने बसवले जात. दोन फिल्मच्या कडा तंतोतंत जुळल्या नाहीत की ही रेघ उरते. पडदा मोठा आणि प्रत जितकी स्वच्छ, तितकी ती जास्त दिसते. कोणाचा त्यामुळे रसभंग होत असेल, पण हाताने केलेलं काम दिसावं यात आनंद वाटणाऱ्यांना ती आवडेल.

रेंगाळतो तो दोन ठिकाणी: मोझेस हद्दपारीत राहतो त्या मिद्यानमधला मेंढपाळांचा भाग आणि शेवटी सोन्याच्या वासराभोवतीचा धिंगाणा. देवाने इजिप्तवर धाडलेल्या दहाही आपत्ती दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. मोजक्याच दाखवल्या आहेत, बाकीच्या संवादात उरकल्या आहेत. पण पहिल्या अपत्यांचा घास घेत गल्लीबोळांतून सरकणारं हिरवट धुकं एकदा पाहिलं की विसरत नाही.

‘बेन-हर’चं काय? त्याला चोरून आवडण्याचं काही कारणच नाही. विल्यम वायलर संयमी दिग्दर्शक होता. बारा नामांकनांतून अकरा ऑस्कर मिळाली ती नुसत्या खर्चासाठी नव्हेत. जिवलग मित्र वैरी होतात हा धागा शर्यतीपर्यंत घट्ट राहतो. साधारण नऊ मिनिटांची ती रथांची शर्यत अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांनी रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेल्या रिंगणात चित्रित केली. तिला पार्श्वसंगीत नाही! मिक्लोश रोझाचं संगीत संचलनापुरतं वाजतं आणि मग फक्त टापा, चाकं आणि गर्दी. रथ उडून सारथी पुढे फेकला जातो तो खराच अपघात होता. इथेही नायक हेस्टनच आहे, आणि त्याच्या जागी रथ हाकणारा, कनटचा ‘जो’ नावाचा मुलगा, हनुवटीच्या जखमेवर बचावला. तो तुकडा ठेवून पुढे हेस्टन पुन्हा रथात चढतो असं जोडलं गेलं.

तरीही तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. शर्यत मध्यंतरानंतर लवकरच संपते आणि पुढे पाऊण तासाच्या आसपास नायकाच्या आई-बहिणीचा कुष्ठरोग आणि येशूच्या क्रूसाची कथा उरते. श्रद्धेने पाहणाऱ्यासाठी तोच गाभा आहे, पण धमाल हवी असलेल्याला तो जड जातो. समुद्रातल्या लढाईतली जहाजं टाकीतल्या प्रतिकृती आहेत हे लगेच कळतं. त्याआधीचं वल्ही मारण्याचं दृश्य मात्र, ठोक्यांबरोबर संगीताची लय चढत जाते तिथे, श्वास रोखायला लावतं.

दुसरी अडचण पडद्याची. ‘बेन-हर’ची चौकट २.७६ : १ इतकी रुंद आहे. ५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ उंच असतो, त्यात ‘बेन-हर’ला फक्त ४४ सेंटिमीटर उंची मिळते. ‘क्लिओपात्रा’ला (२.२० : १) ५५ मिळते आणि ‘टेन कमांडमेंट्स’ पडदा जवळपास भरून टाकतो. ३२ इंची टीव्हीवर ‘बेन-हर’ची पट्टी पंचवीस-सव्वीस सेंटिमीटरची उरते, म्हणजे शर्यतीचा जीवच जातो. तेव्हा खुर्ची पुढे ओढा किंवा प्रोजेक्टर असलेल्या मित्राकडे जा. ‘झूम’ करून काळ्या पट्ट्या घालवू नका, त्यात दोन्ही कडांचे रथ कापले जातात.

‘क्लिओपात्रा’ निवडताना आधी लांबी बघा. न्यूयॉर्कमधल्या प्रीमियरला तो चार तासांच्या पुढे होता, पण नंतर सर्वत्र ३ तास १२ मिनिटांची कापलेली प्रत फिरली. दिग्दर्शक जोसेफ मॅन्किविचला तीन-तीन तासांचे दोन चित्रपट हवे होते, स्टुडिओने ते एकात कोंबले. सीझरनंतरचा प्रियकर अँटनी याचा उत्तरार्ध तुटक वाटतो तो त्यामुळेच. म्हणून लांब, चार तासांवरचीच प्रत घ्या आणि ती दोन रात्रींत विभागा: पहिल्या रात्री सीझर, दुसऱ्या रात्री अँटनी. पहिली रात्र उत्तम जाते. रेक्स हॅरिसनचा सीझर हुशार, थकलेला आणि थोडा खवचट आहे. क्लिओपात्राचा रोमप्रवेश, म्हणजे महाकाय स्फिंक्सवर मुलाला शेजारी घेऊन बसलेली एलिझाबेथ टेलर, हे दृश्य त्या काळच्या चार कोटी चाळीस लाख डॉलरच्या एकूण खर्चाचा हिशेब एकटंच चुकतं करतं. टेलरचे पोशाखच पासष्ट आहेत. पण मॅन्किविच मुळात बंद खोलीतल्या चतुर संवादांचा लेखक. भव्य दालनात दोन माणसं बराच वेळ नुसती बोलत राहतात आणि डिमिलची बेभान भूक इथे सापडत नाही.

तिन्हींत खुपणारी गोष्ट एक: इजिप्शियन, ज्यू, अरब बहुतेक सगळे गोऱ्या नटांनीच रंगवले आहेत. ‘बेन-हर’मधल्या अरब शेखासाठी तोंड काळवंडवून उभ्या राहिलेल्या ह्यू ग्रिफिथला ऑस्करही मिळालं. मुलांबरोबर बघणार असाल तर हे बोलायला हवं.

आता लावण्याची तयारी. टीव्हीचं ‘मोशन’ बंद करा. सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ अशा नावांनी ते सापडेल. सेकंदाला २४ चौकटींमध्ये टीव्ही आपल्या चौकटी घुसवतो आणि लाखोंचा राजवाडा मालिकेच्या सेटसारखा दिसायला लागतो. चित्र ‘सिनेमा’ मोडवर ठेवा. सुरुवातीला कथा सुरू न होता नुसतं संगीत वाजत राहिलं तर फाइल बिघडली असं समजू नका, ती नांदी आहे. मोबाइलच्या डेटावर भरवसा नको: फुल एचडीला तासाला साधारण ३ जीबी लागतात, म्हणजे रोजचे २ जीबी राजवाड्यातच संपतील.

नांदी आणि प्रस्तावना धरून ‘टेन कमांडमेंट्स’ची पूर्ण प्रत २३१ मिनिटांची आहे. दुपारी २ला लावलात तर मध्यंतर सव्वाचारच्या सुमारास, नेमकं चहाला येतं, आणि सहाच्या आसपास उठता येतं. रात्री ९ला लावू नका, समुद्र दुभंगेपर्यंत घरातले निम्मे झोपलेले असतील. आणि तासच हातात असेल तर हिरव्या धुक्यापासून सुरू करा, लोक इजिप्त सोडून निघतात ती अफाट रांग बघा आणि फेअरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, सैन्यावर पाणी मिटलं की बंद करा.