ग्रॅको एक्स्टेंडटूफिट: सीट मोठी झाली, तोंड मात्र मागेच

आमच्या मुलीची पहिली कार सीट, म्हणजे हँडल धरून टोपलीसारखी उचलून नेता येणारी इन्फंट सीट, तिला लहान पडू लागल्याचे आम्हांला वजनकाट्याने सांगितले नाही. त्या सीटवर 35 पौंड आणि 32 इंच अशा दोन मर्यादा छापलेल्या होत्या. तेराव्या महिन्यात मुलीचे वजन जेमतेम 21 पौंड असल्यामुळे अजून वर्षभर तरी काही करावे लागणार नाही, अशा समजुतीत आम्ही होतो. एका रविवारी पट्टे आवळताना तिची टाळू कवचाच्या वरच्या कडेजवळ आलेली दिसली, म्हणून माहितीपुस्तिका काढली आणि तिसरी अट वाचनात आली: डोक्याच्या वर कवचाचा किमान 1 इंच, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर भाग शिल्लक असला पाहिजे. वजन, उंची आणि डोक्यावरची ही मोकळी जागा यांपैकी जी मर्यादा आधी संपेल, ती सीट बदलण्याची वेळ ठरवते, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत वजनाची पाळी शेवटी येते. आमच्या मुलीची तर छापील उंचीही अजून दीड इंच शिल्लक होती.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. जवळच्या एका दुकानात (नाव देत नाही) चौकशी केली, तेव्हा तिथल्या विक्रेत्याने मुलीला वर्ष पूर्ण झाले आहे एवढे ऐकून लगेच पुढे तोंड करून बसवायची सीट दाखवली. हा सल्ला त्याने चांगल्या मनाने दिला असेल, पण तो चुकीचा होता. न्यू जर्सीच्या 1 सप्टेंबर 2015 पासून लागू झालेल्या नियमानुसार दोन वर्षांखालील आणि 30 पौंडांपेक्षा कमी वजनाच्या मुलाला पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये मागे तोंड करूनच बसवावे लागते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2011 मध्ये दोन वर्षांपर्यंत मागे तोंड ठेवण्याची शिफारस केली होती. 2018 मध्ये तिने ही वयाची रेघही पुसली आणि सीटची मागे तोंड करण्याची मर्यादा संपेपर्यंत मूल तसेच बसवावे, असे सांगितले. याचे कारण समजले की पुन्हा शंका उरत नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. गाडी समोरून आदळली तर पुढे तोंड केलेल्या मुलाचे धड पट्ट्यांनी अडते आणि डोके एकटे पुढे फेकले जाते. तेच मूल मागे तोंड करून बसलेले असेल, तर सीटचे कवच डोके, मान आणि पाठ एकत्र झेलते.

म्हणजे मोठी सीट घेणे आणि मुलाचे तोंड पुढे करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि आपल्याकडे बोलताना ते सर्रास एकच समजले जातात. आम्हांला पहिला निर्णय लगेच घ्यायचा होता आणि दुसरा शक्य तितका लांबवायचा होता. कन्व्हर्टिबल प्रकारच्या, म्हणजे आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून वापरता येणाऱ्या सीट पाहताना मी म्हणूनच एकच आकडा आधी शोधत गेले: मागे तोंड करून किती पौंडांपर्यंत? ग्रॅको एक्स्टेंडटूफिटमध्ये तो आकडा 50 पौंड आहे, म्हणजे साडेबावीस किलोंच्या जरा वर. पुढे तोंड करून ती 65 पौंडांपर्यंत वापरता येते, पण खरेदी करताना त्या आकड्याला मी फारसे महत्त्व दिले नाही.

या सीटचे वैशिष्ट्य तिच्या नावातच आहे. बसायच्या भागाखालून एक फळी पुढे ओढता येते, तिचे चार टप्पे आहेत आणि ती पूर्ण ओढली की पायांना 5 इंचांपर्यंत जास्तीची जागा मिळते. ही सोय मला सुरुवातीला केवळ जाहिरातीपुरती वाटली होती. सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि माझे मत बदलले. पहिल्याच फेरीत त्या म्हणाल्या, "अगं, पोरीचे पाय बघ कसे आखडलेत. सरळ बसव की तिला." सुरक्षिततेच्या दृष्टीने मुलाचे पाय गाडीच्या आसनाच्या पाठीला टेकणे हे सीट लहान झाल्याचे लक्षण नाही. मुले आपोआप मांडी घालतात किंवा पाय सीटच्या पाठीवर वर टाकून बसतात, आणि मानेच्या दुखापतीपुढे पायाच्या दुखापतीचा धोका कितीतरी सौम्य असतो. हे सगळे मी सासूबाईंना समजावून सांगितले, पण त्यांचे समाधान माझ्या बोलण्याने झाले नाही, फळी दोन टप्पे ओढल्याने झाले. घरातल्या मोठ्यांच्या आग्रहाखातर मुलाचे तोंड वेळेआधी पुढे फिरवणारी कुटुंबे मला माहीत आहेत, आणि त्यांच्यासाठी हे पाच इंच फारच उपयोगी ठरतील.

रोजच्या वापरात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे डोक्याची उशी आणि खांद्याचे पट्टे एकत्र वरखाली होतात. त्यांचे दहा टप्पे आहेत, त्यामुळे मूल वाढले म्हणून पट्टे मागून काढून पुन्हा ओवत बसावे लागत नाही. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून आले पाहिजेत, पुढे तोंड केल्यावर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. ही अट उलटी आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पट्टा पुरेसा आवळला आहे का, हे पाहण्यासाठी तो मुलाच्या खांद्यापाशी चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत हवी.

थंडीत मात्र आमची चूक होत होती. जाड जॅकेट घालून पट्टे आवळले की ते घट्ट वाटतात, पण धक्क्याने जॅकेट दबते आणि आत चांगलीच ढिलाई निघते. आता आम्ही जॅकेट काढतो, पट्टे लावतो आणि वरून सासूबाईंनी हाताने शिवलेली गोधडी पांघरतो. या गोधडीचा त्यांना जेवढा अभिमान आहे, तेवढा मलाही आहे.

सीट गाडीत बसवण्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण चांगली सीट सैल बसवली तर तिचा उपयोग निम्माही होत नाही. आम्ही पहिल्यांदा ती गाडीच्या आसनात खाली असलेल्या हुकांनाही अडकवली आणि वरून गाडीचा पट्टाही लावला. दोन बंधने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असा आमचा हिशोब होता. गावातल्या पोलीस ठाण्यात ठरावीक दिवशी प्रशिक्षित तंत्रज्ञ कार सीट विनामूल्य तपासून देतात. तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत सांगितले की माहितीपुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर दोन्ही एकत्र वापरायचे नसतात. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवली, तेव्हा ती चांगली दोन इंच सरकत होती; एका इंचाहून जास्त सरकता कामा नये. त्यांनी स्वतः काही बसवून दिले नाही, सगळे आमच्याकडून करून घेतले: सीटवर गुडघ्याने भार द्या, गाडीचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा, तो कर्रकर्र आवाज करत आत जाऊ लागला की लॉक झाला, आता आवळा. या सेवेला मी सीटपेक्षाही जास्त गुण देईन, आणि आपल्यापैकी फार थोडे लोक तिचा लाभ घेतात याचे आश्चर्य वाटते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. भारतात 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा आसन न लावता गाडी चालवल्यास 1000 रुपये दंड आहे. तिथे मिळणाऱ्या अनेक सीटवर युरोपीय नियमांचे आकडे किलोत छापलेले असतात. आर44 या जुन्या नियमात 9 किलोंपासून पुढे तोंड करायला मुभा होती, आणि 9 किलो तर अनेक मुले वर्षाच्या आतच गाठतात. आर129 या नव्या नियमात 15 महिन्यांच्या आधी ती मुभा नाही. तेव्हा सीटवर "9 किलोंपासून" असे दिसले, तर ते फक्त किमान वजन आहे, योग्य वेळ नव्हे.

आता खरेदीपूर्वी विचारात घ्याव्यात अशा अडचणी. अशा सीट गाडीतच राहतात. झोपलेले मूल सीटसकट उचलून घरात नेण्याचे सुख इन्फंट सीटबरोबर संपते, आणि ते मला अजूनही आठवते. ही सीट सुमारे 19 पौंडांची आहे, त्यामुळे ती रोज एका गाडीतून दुसरीत हलवणे कंटाळवाणे होईल. मागे तोंड केलेली कोणतीही मोठी सीट पुढच्या आसनाची जागा खाते, आणि फळी पूर्ण ओढली की आणखी खाते. आम्ही घेतली तेव्हा किंमत साधारण 200 डॉलर होती. जुनी सीट अपघातात सापडलेली नसेल आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसेल, तरच ती ओळखीच्या कुटुंबाला द्यावी. नाहीतर टार्गेट या अमेरिकन साखळीतली दुकाने ठरावीक काळात जुन्या सीट घेऊन नव्या खरेदीवर सवलत देतात. आमची सीट आम्ही तिथेच दिली.

मुलगी आता 26 महिन्यांची आहे, वजन 27 पौंड. फळी तिसऱ्या टप्प्यावर आहे, डोक्यावर अजून भरपूर जागा आहे आणि मांडी घालून ती मागच्या काचेतून ट्रक मोजते. माझे यजमान मात्र पुढच्या आसनावर गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसतात. उंची सहा फूट असेल आणि गाडी लहान असेल, तर ही सीट घेण्याआधी एकदा आपल्या गाडीत ठेवून पाहा.