आधी कोणता खेळ: चाच्यांचा की जादूगाराचा?

चोपड्याच्या माझ्या भाच्याची बारावी झाली. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. घरात जुना कॉम्प्युटर आहे. त्याने विचारलं, "मामा, 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आधी खेळू की 'सायमन द सॉर्सरर'?" दोन्ही विनोदी साहसखेळ, दोन्ही माउसवर चालणारे, दोन्हींना साधं मशीन पुरतं.

मी म्हटलं, मंकी आयलंड. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांचा हा १९९० चा खेळ. गायब्रश थ्रीपवूड नावाच्या पोराला समुद्री चाचा व्हायचंय, म्हणून तो तलवारबाजी शिकायला निघतो. पण इथे तलवारीपेक्षा जीभ चालवावी लागते. समोरचा म्हणतो, "तू गोठेवाल्यासारखा लढतोस." आपण म्हणायचं, "बरोबरच आहे, तू गायीसारखा लढतोस." उत्तर चपखल बसलं की तो मागे सरतो. टोमणे आणि उत्तरं वाटेत भेटणाऱ्या चाच्यांकडून, हरत हरत गोळा करायची. शेवटी गाठ पडते कार्लाशी. ती बेटावरची तलवारीची उस्ताद. तिचे टोमणे सगळे नवे, आपल्याकडे उत्तरं जुनीच. पाठांतर तिथे कामाचं नाही. कोणतं जुनं उत्तर नव्या टोमण्याला लागू पडतं ते अर्थावरून ओळखायचं. विनोद समजणं हाच खेळ जिंकण्याचा रस्ता, अशी रचना मला दुसरीकडे क्वचितच दिसली.

गच्चीवर बिबड्या थापणाऱ्या मावशीला तो गायीचा टोमणा मी अहिराणीत सांगितला. पिठाचा हात तसाच ठेवून ती खळखळून हसली. सायमनमधल्या पुलावरच्या राक्षसाने संप पुकारलाय, हे सांगितल्यावर मात्र तिने विचारलं, "का रे?" मग तीन बोकडांची नॉर्वेजियन परीकथा सांगावी लागली. त्या कथेत राक्षस दर वेळी हरतो, त्यालाच तो कंटाळलाय.

सायमनचं तिथेच अडतं. ॲडव्हेंचर सॉफ्ट कंपनीचा हा १९९३ चा खेळ परीकथांची टोपी उडवतो. महोगनीचंच लाकूड हवं म्हणून हटून बसलेले लाकूडकिडे तर मला फार आवडतात. चित्रं मंकी आयलंडपेक्षा देखणी आहेत आणि सीडीच्या आवृत्तीत सायमनला ख्रिस बॅरी या ब्रिटिश विनोदी अभिनेत्याचा आवाज आहे. पण जंगल मोठं, वणवण जास्त. युरोपातल्या परीकथा लहानपणी वाचल्या असतील तर सायमन आधी घ्यायलाही हरकत नाही.

मंकी आयलंडची २००९ ची नवी आवृत्ती घ्यावी. तीत आवाज आहेत, अडल्यावर इशारा मिळतो आणि एक कळ दाबली की जुनी चित्रं येतात. मरायची भीतीही जवळजवळ नाही. पाण्याखाली दहा मिनिटं नुसतं उभं राहिलात तरच गायब्रश बुडतो.

भाच्याला एवढंच बजावलंय: अडलास तर नेटवर उत्तर बघू नकोस, आधी मला फोन कर.