एअर रायफलवरचा स्कोप: आठ महिने आणि चार डबे छर्ऱ्यांनंतर

आधी रायफलबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. ४.५ मिमीची, नळी वाकवून भरायची, स्प्रिंगची साधी एअर रायफल. २० ज्यूलच्या आतली, त्यामुळे परवान्याची भानगड नाही. महूच्या अलीकडे आमच्या शेतात रविवारी सकाळी बांधासमोर माती भरलेली पोती रचतो आणि २५ मीटरवरून कागदावर नेम धरतो. पाखरांवर नाही. कबुतरं घालवून दे म्हणणारे नातेवाईक इंदुरात भरपूर आहेत, त्यांना गच्चीवर जाळी लावायला सांगतो.

हा माझा दुसरा स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण. पहिला रायफलीबरोबर ‘फ्री’ मिळाला होता आणि तीनशे छर्ऱ्यांत गेला. आतला काटा, म्हणजे नेम धरायची फुली, एका बाजूला कलला, आणि ती हलवायचे नॉब कितीही फिरवा, कागदावर फरक शून्य. दुकानदार म्हणाला, “आपने ज़ोर से पटका होगा।” पटकला नव्हता. स्प्रिंगची रायफल दोनदा झटका देते. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि तो नळकांड्याच्या टोकाशी थांबला की तीच पुढे हिसका मारते. बारुदाच्या रायफलीचा धक्का मागे बसतो आणि बरेच स्कोप तेवढ्याच हिशेबाने बांधलेले असतात. पुढच्या हिसक्याने त्यांच्या आतली भिंगं ढिली होतात. तेव्हा घेताना ‘स्प्रिंग एअर रायफलला चालतो का’ एवढं एक विचारा. बाकीचं वर्णन नंतर वाचलं तरी चालेल.

दसरा झाल्यावर हा घेतला. ३-९×४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा आणि पुढचं भिंग ४० मिमीचं, एक इंची नळीचा, पुढच्या भिंगाला फोकसची रिंग असलेला. ती रिंग हवीच. तिच्याविना येणारे बहुतेक स्कोप शंभर यार्डांच्या आसपास जुळवलेले असतात. २५ मीटरवर चित्र धूसर दिसतं, आणि डोळा जरा हलला की काटा निशाणावरून सरकल्यासारखा वाटतो.

पण खरा वेळ गेला तो बसवण्यात. माझ्या रायफलीला स्कोप बसवायची ११ मिमीची खाच आहे. पहिल्यांदा मी स्कोप धरणाऱ्या दोन सुट्या रिंगा लावल्या, सियागंजातून आणलेल्या एलन-कीने जीव खाऊन आवळल्या, आणि नळीवर कायमचा चट्टा पाडून घेतला. इतकं करूनही पन्नास छर्ऱ्यांनंतर अख्खा स्कोप खाचेवरून मागे सरकलेला! आता एकसंध माउंट आहे, दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात. त्याची खालची पिन रायफलीवरच्या भोकात उतरते, मग सरकायचं कुठे? रिंगांचे स्क्रू तिरपे, एकाआड एक, थोडे थोडे आवळायचे आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवायची. शेवटी की दोन बोटांत धरून जेवढी फिरेल तेवढंच.

काटा सरळ करायला गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. भिंतीवर ओळंबा सोडला, रायफलीच्या खाचेवर छोटी पाणसळ ठेवून ती सपाट केली आणि उभा काटा दोरीला जुळवला. बायको म्हणाली, घर बांधायला काढलंय का? काटा कललेला असला तर २५ मीटरला जुळतं, पण अंतर बदललं की छर्रा बाजूला जातो. डोळा आणि मागचं भिंग यांत तीन-साडेतीन इंच राहतील असं आधीच बघा, नाहीतर सगळं पुन्हा खोला.

तरी छर्रे खालीच पडत होते, वरचा नॉब संपायला आला. वाकणाऱ्या नळीच्या रायफलींत नळी किंचित खाली झुकलेली असते, हे तेव्हा कळलं. उपाय जुना आहे: मागच्या रिंगेत स्कोपखाली फिल्मची पट्टी. आमच्याच लग्नाची निगेटिव्ह कापली, अंधारात आलेला एक फोटो होता. एका पट्टीने मार सुमारे तीन सेंटिमीटर वर आला, दोन लावल्या.

मग झिरो, म्हणजे काटा जिथे तिथेच छर्रा पडेल असं जुळवणं. आधी दहा मीटरवरून कागदावर आणायचं, नंतर २५ वर. नॉबचा एक क्लिक पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग), तो २५ मीटरवर साधारण १.८ मिमी हलवतो, म्हणजे चार सेंटिमीटर खाली असेल तर बावीस क्लिक. पाच छर्रे मारा, त्यांचा मध्य काढा आणि मगच नॉबला हात लावा. मी प्रत्येक छर्ऱ्यामागे नॉब फिरवत बसलो आणि एक डबा अर्धा संपवला. २५ ला जुळवल्यावर दहा मीटरला छर्रा सेंटिमीटरभर खाली बसतो. स्कोप नळीपेक्षा चार सेंटिमीटर उंच आहे, त्याचा हा परिणाम.

आणखी एक, ज्याचं पाप मी बरेच दिवस स्कोपवर घालत होतो. रायफल टेबलाच्या कडक लाकडावर टेकवली की मार वर जातो आणि विखुरतो. शेजारचे निवृत्त सुभेदारसाहेब म्हणाले, “पकड़ो मत, रखो।” डाव्या तळव्यावर ती नुसती ठेवायची, दर वेळी त्याच जागी, आणि झटका बसेल तसा बसू द्यायचा. त्या दिवसापासून पाच छर्रे पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातात, अर्थात चांगल्या रविवारी.

तक्रारी आहेत. नऊ पटीवर हाताचा थरथराट इतका दिसतो की मी पाचच्या वर जात नाही. काट्यावरचे मापाचे ठिपके मात्र नऊवरच खरं अंतर दाखवतात. वजन जाणवतं. नॉबची एक टोपी शेतात हरवली, सुटी मिळत नाही.

भाचा दहा मीटर रायफलच्या क्लासला जातो, त्याला हा हवाय. देणार नाही. त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, आणि तिथलं दहा गुणांचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्याला बारीक भोकातून बघायच्या, बिनदुर्बिणीच्या साइटची सवय व्हायला हवी. छर्रे शिशाचे असल्याने पोह्यांआधी त्याला हात धुवायला लावतो, स्वतःही धुतो.

सध्या पाऊस आहे, शेतात चिखल. स्कोप फोमच्या पेटीतून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात ठेवलाय. भिंगांवर बुरशी नको म्हणून.