जुने यंत्र दुरुस्त करायचे तर कोणते? पिलर ड्रिल, हातातला ग्राइंडर आणि बॅटरीवरचे ड्रिल

सेकंडहँड यंत्रांच्या ढिगात घरच्या कार्यशाळेला उपयोगी पडतील अशी तीन यंत्रे वारंवार दिसतात: बाकावर ठेवायचे पिलर ड्रिल, हातात धरायचा अँगल ग्राइंडर आणि बॅटरीवर चालणारे ड्रिल. तिन्ही स्वस्त मिळतात आणि तिन्ही ‘थोडे काम आहे, बाकी उत्तम’ असे सांगूनच विकली जातात. ते थोडे काम नेमके किती निघेल, हे यंत्राच्या वयावरून किंवा गंजावरून कळत नाही. आतली मोटर कोणत्या जातीची आहे, आणि झिजलेला भाग प्रमाणित मापाचा असून कोठेही मिळतो की केवळ त्या एका मॉडेलसाठी घडवलेला आहे, या दोन गोष्टी पाहिल्या की निर्णय बराचसा होऊन जातो.

पिलर ड्रिलमध्ये सहसा इंडक्शन मोटर असते. तिच्या फिरणाऱ्या भागावर तारेचे वाइंडिंग (गुंडाळी) नसते आणि त्या भागाला घासून वीज पोहोचवणारे कार्बन ब्रशही नसतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) अशी मोटर मिनिटाला साधारण १,४०० ते १,४४० फेरे घेते, म्हणजे हातातल्या यंत्रांच्या मानाने ती अगदी संथ आहे. तिच्यात झिजण्यासारखे म्हणजे दोन बेअरिंगे, मोटर सुरू व्हायला मदत करणारा एक कपॅसिटर, मोटरने वेग घेतला की सुरुवातीपुरते लागणारे स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा सेंट्रिफ्यूगल स्विच आणि बाहेरचा पट्टा. बेअरिंगच्या कडेवर ६२०२ किंवा ६२०३ असा क्रमांक कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आतला व्यास १५ मिमी, बाहेरचा ३५ मिमी आणि जाडी ११ मिमी, मग बनवणारा कोणीही असो. यंत्र बनवणारी कंपनी बंद पडून कितीही काळ लोटला असला, तरी हे भाग मिळत राहतात.

अशा ड्रिलबद्दल ‘मोटर जळली आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा लगेच मागे फिरू नये. स्विच दाबल्यावर मोटर नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर वीज बंद करून पट्टा काढावा, पुली हाताने फिरवून सोडून द्यावी आणि ती फिरत असतानाच स्विच चालू करावा. ज्या दिशेने फिरवली त्याच दिशेने तिने वेग घेतला, तर मुख्य वाइंडिंग बहुधा शाबूत आहे आणि दोष कपॅसिटरमध्ये, सेंट्रिफ्यूगल स्विचमध्ये किंवा स्टार्टिंग वाइंडिंगमध्ये आहे. मोटर न फिरता गुणगुणत असेल तर दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक वेळ वीज चालू ठेवू नये, कारण त्या स्थितीत वाइंडिंग भराभर तापते आणि चांगली असलेली मोटर आपल्याच हातून जळते. मी अशाच ‘जळलेल्या’ मोटरचे झाकण उघडले, तेव्हा सेंट्रिफ्यूगल स्विचच्या दोन संपर्कबिंदूंमध्ये लाकडाचा भुसा दाबून बसलेला होता; बारीक सँडपेपरची एक पट्टी आणि पाच मिनिटे यांत दुरुस्ती संपली. कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी तो डिस्चार्ज करावा, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकावी, हे मात्र घाईत विसरू नये.

पिलर ड्रिलमध्ये खरी भीती मोटरची नसून स्पिंडलची, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याची असते. स्पिंडलची नळी पूर्ण खाली आणून चक (ड्रिलचे पाते पकडणारा जबडा) हातात धरून आडवा हलवावा. ठक्‌ असा धक्का जाणवला तर नळी किंवा तिचे घर झिजलेले आहे आणि घरच्या साधनांनी ते भरून निघत नाही. त्यानंतर चकमध्ये सरळ गोल सळई पकडून स्पिंडल हाताने फिरवावे आणि डायल गेजवर (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मोजमापाचे साधन) काटा किती हलतो ते पाहावे. काटा बराच हलला, तरी लगेच निष्कर्ष काढू नये: चक काढून तेच मोजमाप स्पिंडलच्या उतरत्या तोंडावर घ्यावे. तेथे काटा स्थिर असेल तर दोष चकचा आहे, आणि चक बदलता येतो. तेथेही काटा हलत असेल तर स्पिंडल वाकलेले आहे, आणि असे यंत्र फुकट मिळाले तरी नको. लाकूडकामासाठी ०.१ मिमीपर्यंतचा फरक मी चालवून घेतो, धातूच्या कामासाठी मात्र नाही. टेबल खांबावर आवळणाऱ्या बिडाच्या कानांना तडा गेला आहे का, हेही पाहावे, कारण बीड वेल्डिंगला सहज दाद देत नाही.

खांबावरचा गंज पाहून अनेकजण यंत्र नाकारतात, आणि विकत घेणाऱ्याला भाव पाडून मागण्याची खरी संधी तेथेच असते. वरवरचा गंज सँडपेपर आणि तेल यांनी जातो. सुटे होणारे पोलादी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून, बॅटरी चार्जरची ऋण तार त्यांना आणि धन तार एखाद्या टाकाऊ साध्या पोलादी तुकड्याला जोडली, तर गंज बराचसा मोकळा होतो. धन तारेला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात; हे काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू सुटतो; आणि ॲल्युमिनियमची पुली त्या पाण्यात टाकू नये, कारण सोडा ॲल्युमिनियमलाच खातो.

अँगल ग्राइंडरची गोष्ट वेगळी आहे. त्यात युनिव्हर्सल मोटर असते, म्हणजे फिरणाऱ्या भागावर वाइंडिंग आणि कार्बन ब्रश असलेली वेगवान मोटर. १०० मिमी चकतीचा ग्राइंडर रिकामा चालताना मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो आणि त्याचा पंखा बाहेरची हवा, तिच्यातल्या धातूच्या भुकटीसह, वाइंडिंगवरून ओढत राहतो. कार्बन ब्रश, केबल, स्विच आणि बेअरिंग या चार गोष्टी स्वस्त आहेत आणि नवशिक्यालाही बदलता येतात. आर्मेचर (मोटरचा वाइंडिंग असलेला फिरणारा भाग) आणि गिअरची जोडी मात्र त्या त्या मॉडेलचीच लागते, आणि आर्मेचर पुन्हा भरून घ्यायचे म्हटले तर तो खर्च पुष्कळदा नव्या साध्या ग्राइंडरच्या किमतीजवळ जातो. म्हणून ग्राइंडर घेताना तपासायचे ते आर्मेचरच. कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरवर ब्रश जेथे घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या, शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध मल्टीमीटरने ओळीने मोजत जावा. आकडे साधारण सारखे यायला हवेत, आणि एखादाच आकडा ठळकपणे वेगळा आला किंवा एखादीच पट्टी काळी पडून खचलेली दिसली तर ती कॉइल गेलेली समजावी. नाकही येथे उपयोगी पडते, कारण जळलेल्या वार्निशचा वास वर्षानुवर्षे जात नाही. चालू ग्राइंडरच्या झरोक्यातून ब्रशच्या टोकाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे. कम्युटेटरभोवती आगीचे कडे दिसले तर व्यवहार तेथेच थांबवावा.

चकतीचे रक्षककवच नसलेला ग्राइंडर मी घेत नाही, मग तो कितीही चांगला चालत असो. कवच सहसा मोठी चकती बसवण्यासाठी काढलेले असते. कापण्याच्या सामान्य चकत्या कडेला सेकंदाला ८० मीटर वेग गृहीत धरून बनवतात. त्या हिशेबाने १०० मिमीच्या चकतीवर १५,३०० फेऱ्यांची कमाल मर्यादा छापलेली असते आणि १८० मिमीच्या चकतीची मर्यादा सुमारे ८,५०० फेऱ्यांवर येते. हीच मोठी चकती ११,००० फेऱ्यांच्या यंत्रावर चढवली, तर तिच्या कडेचा वेग १०० मीटरच्या पुढे जातो. ज्या यंत्रावर असा वापर झाला असेल त्याच्या गिअरवर आणि बेअरिंगवर काय ताण आला असेल, याची कल्पना सहज करता येते. यंत्रासोबत आलेल्या जुन्या चकत्या तर फेकूनच द्याव्यात.

विजेच्या सुरक्षिततेतही दोघांत फरक आहे. ग्राइंडरच्या पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर त्याचे इन्सुलेशन दुहेरी आहे आणि त्याला दोन तारांची केबल पुरते. मात्र प्लॅस्टिकच्या अंगाला तडा गेला असेल तर हे संरक्षण संपते. पिलर ड्रिलचे सगळे अंग धातूचे असल्यामुळे त्याला अर्थिंग हवेच, आणि जुन्या यंत्रात प्लग बदलताना नेमकी तीच तार कापून टाकलेली आढळते. दुरुस्तीनंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) इन्सुलेशन तपासून घ्यावे. २ मेगाओमच्या खाली आकडा आला तर मी यंत्र वापरात आणत नाही.

बॅटरीवरच्या ड्रिलसाठी फार विचार करावा लागत नाही. १८ व्होल्टच्या जुन्या निकेल-कॅडमियम पॅकमध्ये १.२ व्होल्टचे १५ सेल असतात आणि त्यांतला एक बसला तरी सगळा पॅक लंगडतो. लिथियमच्या पॅकमध्ये सेल पाचच्या पटीत असले, तरी ते घरी बदलणे धोक्याचे आहे. शिवाय बॅटरीची खाच कंपनीगणिक वेगळी असते. त्याच खाचेची चांगली बॅटरी आधीपासून आपल्याकडे असेल तर नुसते ड्रिल घ्यावे, एरवी त्याच्या वाटेला जाऊ नये.

नव्या यंत्राच्या बाजूने बोलायचे, तर त्यात वॉरंटी मिळते आणि वेळ वाचतो. जुन्यासाठी मल्टीमीटर, बेअरिंग पुलर आणि डायल गेज लागतात, आणि ते आपल्याकडे नसतील तर त्यांचा खर्च पहिल्याच यंत्राच्या माथी पडतो. हातही बसावा लागतो: शाफ्टवर नवे बेअरिंग चढवताना दाब आतल्या कड्यावरच द्यायचा असतो, आणि बाहेरच्या कड्यावर ठोकले तर गोळ्यांच्या मार्गावर खाचा पडून नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करते. तरीही स्पिंडल सरळ असलेल्या जुन्या पिलर ड्रिलचे जड बिडाचे टेबल स्वस्तातल्या नव्या यंत्रात क्वचितच मिळते, म्हणून तेथे ही मेहनत फळते. ग्राइंडरमध्ये तसे वजन नाही. त्याचे आर्मेचर निर्दोष असेल आणि दोष केवळ ब्रश, केबल किंवा स्विचचा असेल, तरच तो घरी आणावा. माझ्या बाकावर पिलर ड्रिल जुने आहे आणि ग्राइंडर नवा.