मटेरियल गर्ल: शेवटचं कडवं नीट ऐका

मॅडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'ची सेकंडहँड एलपी घेतली, 1984 चा अल्बम आहे, थोडी खरखर सोडली तर आवाज मस्त. सुई टेकवली की पहिलंच गाणं मटेरियल गर्ल. शाळेत असताना कॅसेटवर हे इतकं ऐकलंय की काय सांगू, पण तेव्हा शब्द कुठे कळायचे, नुसतं नाचायचो. आता शांत बसून ऐकलं आणि हादरलेच.

हिशोब एकदम सरळ आहे हो. मुलगा जवळ घेतो, लाडीगोडी लावतो, ठीके, पण खिशातून काही निघालं नाही तर ही चालती होणार, आणि ज्याच्याकडे रोकडा तोच योग्य वर. आपल्याकडे स्थळं बघताना आधी पॅकेज आणि फ्लॅट विचारतात ना, तेच, फक्त इथे मुलगी स्वतः तोंडावर बोलते, मध्ये मावशी नाही की मध्यस्थ नाही. लिहिलंय पीटर ब्राऊन आणि रॉबर्ट रॅन्सने, दोघं पुरुष, हे मला ऐकताना सारखं आठवत राहतं. मॅडोनाने आवाज मुद्दाम कोवळा, लाडीक लावलाय आणि मागे पुरुषांचा कोरस अगदी यंत्रासारखा तीच ओळ घोकतो, त्या कोरसने खरंच अंगावर काटा येतो. प्रोड्युसर नाईल रॉजर्स, त्यामुळे ठेका तर असा की पाय थांबतच नाहीत.

पण जीव आहे तो शेवटच्या कडव्यात. पोरं आली गेली, अनुभवाने मला श्रीमंत केलं आणि आता तीच माझ्या मागे लागलीत असं ती म्हणते. म्हणजे सौदा उलटला! माझ्या मते गाण्यातली सगळ्यात एकटी जागा हीच, कारण आता तिच्याकडे कोण कशासाठी येतंय हे तिलाही कळणार नाही.

व्हिडिओ पण बघाच, मेरी लॅम्बर्टने केलाय, मेरिलिन मन्रोच्या 1953 च्या सिनेमातला तो गुलाबी ड्रेस, जिना, हिरे सगळं तसंच्या तसं. त्यात नट कीथ कॅराडाइन पैसेवाला माणूस झालाय, तो गरीब असल्याचं भासवून साधी फुलं घेऊन येतो आणि ती त्याच्यावर भाळते, पण तिला फिरवायला जो खटारा ट्रक आणतो तो पैसे मोजूनच घेतलेला असतो. म्हणजे साधेपणा पण विकतच! हे मला फार लागलं.

बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं हे गाणं, आणि 'मटेरियल गर्ल' हे नाव तिला असं चिकटलं की आधी माहीत असतं तर बहुतेक रेकॉर्डच केलं नसतं असं मॅडोना नंतर म्हणाली.

साडेचार स्टार, अर्धा कापला कारण मधलं कडवं जरा रेंगाळतं. आणि एलपीवर ऐकत असाल तर मध्येच सुई उचलू नका, या बाजूचं शेवटचं गाणं 'लव्ह डोंट लिव्ह हिअर एनीमोर' आहे, मूळ रोझ रॉइसचं, माणूस निघून गेल्यावरच्या रिकाम्या घराचं. मी त्या रात्री सलग तीनदा लावलं.